शेवटचा गुरुवार

आज गुरुवार. पाणी नाही.
कालच भरून ठेवलेत दोन पिंप, सगळी पातेली,
कुकरसुद्धा.
आणि महिन्यातला शेवटचा गुरुवार, म्हणून एक्स्पायरी.
साडेतीनला जे ठरायचं ते ठरेल.

मी एक कॉल विकलाय.
भोसरीच्या बेअरिंगवाल्या कंपनीचा, चोवीसशेचा,
तीनशेचा लॉट, एक्केचाळीस रुपयांनी.
कुणीतरी, सुरतेत नाहीतर इथेच सदाशिव पेठेत,
बारा हजार तीनशे मोजून
माझ्याकडून एक महिना विकत घेतला.
त्याला हक्क आहे, बंधन नाही.
मला बंधन आहे, हक्क नाही.
लग्नातसुद्धा हे इतकं स्वच्छ
कुणी लिहून दिलं नव्हतं.

त्याची आशा रोज थोडी आंबते,
शनिवार-रविवार धरून,
आणि त्या आंबण्याचे पैसे मला.
लक्ष्मी रोडचे गुगळे याला थीटा म्हणतात.
मी विरजण म्हणते.
झाकून ठेवायचं, सारखं ढवळून बघायचं नाही.
गेल्या तीन महिन्यांच्या विरजणात
गीझर बदलला, चष्मा झाला,
आणि ह्यांना न सांगता एक मिक्सर.

शेअर मात्र अण्णांचे.
ग्राइंडिंग खात्यात होते.
कंपनीने कामगारांना देऊ केले, नोकरीच्या वर्षाला एक,
तेव्हा पुष्कळांनी गेटबाहेरच विकून
लूनाचा हप्ता भरला.
अण्णांनी सव्वीसच्या सव्वीस ठेवले.
मग बोनस, बावन्न. मग तुकडे पडले, एकशे चार.
मग एकावर दोन.
पोर्टफोलिओ हा शब्द त्यांच्याकडे नव्हता.
एलआयसीची एक डायरी होती, तीत
'महत्त्वाचे पत्ते' या पानावर
पत्त्यांऐवजी हे आकडे.

पहिला डिव्हिडंड एकोणचाळीस रुपये.
गुरुवारी भोसरीला सुट्टी, तेव्हा अण्णा
इस्त्रीचा शर्ट घालून वॉरंट भरायला बँकेत जायचे.
जाताना पीएमटी, येताना चालत.
दोन्ही वेळा तिकीट काढलं
तर व्याज कुठलं उरतं, म्हणायचे.

दोन वाजता भाव चोवीसशे बारा.
पावणेतीनला चोवीसशे एकसष्ट.
गुगळे फोनवर म्हणाले,
सोडवून घ्यायचा तर अठरा हजार तीनशे लागतील.
द्या सोडून, ताई, नफ्यातच आहात.
भावनेचं वेगळं डीमॅट नसतं.

मी खरेदीचं बटण काढून बसले.
निळं बटण. अंगठा कोरडा.
सोडवले तर उद्या आणखी वर जाईल का,
नाही सोडवले तर अण्णा काय म्हणतील,
असले प्रश्न, ज्यांना चार्ट नसतो.

तीन वाजून अठराला बेल.
वरच्या ढेपेबाई, हातात बादली,
पाहुणे अचानक आलेत हो, अर्धी तरी मिळेल?
मी पूर्ण भरून दिली.
मग दुसरी.
मग जिन्यात उभं राहून
कुठले पाहुणे, किती दिवस, मुलगी बघायला का,
सगळं विचारलं.
खोटं कशाला बोलू,
घड्याळ मला तिथून दिसत होतं.

आत आले तेव्हा बाजार मिटला होता.
तीनशे गेले, चोवीसशेने.
पैसे येतील, बरेच येतील,
ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलायला नको.
उरले बारा, कुठल्याच लॉटमध्ये न बसणारे.
ऑगस्टमध्ये नऊ रुपयांप्रमाणे
एकशे आठ जमा झाल्याचा मेसेज येईल.

रात्री नळ उगाच सोडून पाहिला, नुसती हवा.
डायरी काढली.
अण्णांच्या हातचा शेवटचा आकडा, ३१२,
शाई अजून काळीभोर.
खोडायला पेन उघडलं तर
फक्त तीनच खोडावा लागला.